बंद पडलेले परके यान दगडांतून ओळखता येईल का?

ध्रुवमत्स्य (प्रश्न)
सप्टेंबर २०२० मध्ये हवाईतील पॅन-स्टार्स दुर्बिणीला दिसलेली ‘२०२० एसओ’ ही वस्तू लघुग्रह नसून, १९६६ साली सर्व्हेयर २ या यानाला चंद्राकडे धाडणाऱ्या सेंटॉर रॉकेटचा रिकामा टप्पा होता, हे वाचल्यापासून एक शंका मनात घोळत आहे. दुसऱ्या ताऱ्याकडून आलेले आणि केव्हाच बंद पडलेले एखादे यान सूर्यमालेत फिरत असेल, तर ते दगड नाही हे कशावरून ठरवणार? रेडिओ संदेशांविषयी पुष्कळ वाचले आहे, तेव्हा कृपया वस्तूंविषयीच सांगावे.

रात्रपाळी
बरेचसे उत्तर आपल्या उदाहरणातच आहे. त्या वस्तूची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी जवळजवळ जुळत होती, म्हणून प्रथम संशय आला. मग सूर्यप्रकाशाच्या दाबाने ती दगडापेक्षा जास्त ढकलली जात असल्याचे दिसले, म्हणजे ती आकाराच्या मानाने हलकी आणि पोकळ असणार. खगोलशास्त्रज्ञ विष्णू रेड्डी यांच्या गटाने घेतलेला तिचा वर्णपट (परावर्तित प्रकाशातील रंगांची विभागणी, जिच्यावरून पदार्थ ओळखतात) मात्र प्रयोगशाळेतील पोलादाशी आधी नीट जुळेना, कारण चोपन्न वर्षे उन्हात राहिलेले पोलाद आणि टेबलावरचा नवा तुकडा यांत फरक पडतोच. १९७१ पासून फिरत असलेल्या दुसऱ्या सेंटॉर टप्प्याचा वर्णपट घेतल्यावर तो जुळला. खरी मेख इथेच आहे: परक्या यानाशी ताडून पाहायला असा जोडीदार कुठून आणणार?

कृत्तिका
म्हणूनच २०१७ मध्ये दिसलेल्या ‘ओउमुआमुआ’ या वस्तूचा वाद मिटत नाही. ते सूर्यमालेबाहेरून आले, शेपूट नसतानाही त्याला गुरुत्वाकर्षणाव्यतिरिक्त थोडा रेटा मिळाला, आणि खगोलशास्त्रज्ञ अवी लोएब यांनी ते सूर्यप्रकाशाच्या दाबाने ढकलले जाणारे पातळ शीड असू शकेल असे सुचवले. बहुतेक खगोलशास्त्रज्ञ न दिसलेल्या वायूच्या उत्सर्जनाने तो रेटा समजावतात, आणि मलाही तेच पटते.

जुना वर्गणीदार
आपलाच कचरा आड येत असेल, तर तो नसतानाचे आकाश तपासावे. खगोलशास्त्रज्ञ बिएट्रिझ व्हियारोएल यांचा गट पालोमार वेधशाळेच्या, स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सुटण्यापूर्वीच्या, म्हणजे ४ ऑक्टोबर १९५७ च्या आधीच्या फोटोग्राफिक प्लेट्स चाळतो. ऊन परावर्तित करत गरगरणारी सपाट वस्तू एका रेषेत ठिपके सोडून जाईल, आणि त्याच भागाच्या पुढच्या प्लेटवर ते नसतील. पण प्लेटच्या काचेवरील प्रकाशसंवेदी लेपातील दोषही हुबेहूब तसाच दिसू शकतो. त्यामुळे मूळ काच सूक्ष्मदर्शकाखाली धरल्याशिवाय, केवळ स्कॅनवरून निकाल देणे मला घाईचे वाटते.