व्हिएतनाम, कंबोडिया, लाओस छोट्या गटाने केलंय? खान्देशकरांनो, अनुभव सांगा

हे तिन्ही देश एकाच फेरीत, दहा-बारा जणांच्या गटाने, स्थानिक गाइड घेऊन पाहिलेले लोक आता आपल्या जळगाव-धुळ्याकडेही भेटू लागलेत. मीही जाऊन आले. माझं मत पक्कं झालंय: अशा प्रवासाचा जीव गाइडमध्ये असतो, आणि सीमा ओलांडली की गाइड बदलतो हे फार चांगलं आहे. व्हिएतनामच्या चाउ डॉकहून बोटीने मेकाँगमधून कंबोडियाच्या नॉम पेन्हला गेलो. अलीकडचा गाइड धक्क्यावर निरोप देऊन थांबला, पलीकडे दुसरी गाइड हात जोडून उभी. सकाळी ताटाशी चॉपस्टिक्स, रात्री काटा-चमचा. सकाळी पाट्यांवर रोमन अक्षरं, रात्री दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीतून घडलेली ख्मेर. एकावर चीनची छाप, दुसऱ्यावर आपली, आणि मध्ये फक्त काही तासांची नदी! एकच माणूस तिन्हीकडे हिंडवतो तेव्हा हा बदल इतका अंगावर येत नाही.

गाइड कसा होता, जेवणाचं कसं जमलं, घरच्या थोरांना झेपलं का, सगळं लिहा. फक्त कंपन्यांची नावं नकोत.

यावल, चित्रकला शिक्षक

ताई, गाइडबद्दल अगदी मनातलं बोललात. मुलांना घेऊन अजिंठ्याला जातो तेव्हा 17 क्रमांकाच्या लेण्यातलं विश्वंतर जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची गोष्ट, मी हमखास दाखवतो. सगळं दान करून टाकणारा राजपुत्र, आणि त्याची पोरंही मागून नेणारा तो दात विचकलेला जुजक. लाओसच्या लुआंग प्रबांगमधल्या एका विहारात भिंतीवर तीच गोष्ट दिसली आणि मी गाइडच्या आधीच सांगायला लागलो. तो लहानपणी काही वर्षं श्रामणेर, म्हणजे शिकाऊ बालभिक्खू होता. त्याने मला पुरतं बोलू दिलं, मग म्हणाला, आमच्याकडे ही गोष्ट भिंतीवर राहत नाही. बुन फा वेत नावाचा सण असतो, त्यात भिक्खू तिचे तेराही अध्याय एका दिवसात वाचतात आणि अख्खं गाव बसून ऐकतं. त्याने त्यातल्या थोड्या ओळी चालीवर म्हणून दाखवल्या. आपल्याकडे पारायणाला बसलेल्या कुणालाही तो सूर ओळखीचा वाटला असता. अजिंठा आपल्या इतका जवळ, पण ती गोष्ट आजही ऐकली जाते हे मला तिथे जाऊन कळलं.

रावेर, केळी उत्पादक

मोठ्या बसला वाटेत थांबवता येत नाही. आमची व्हॅन लाओसमध्ये एका केळीच्या बागेपाशी थांबवली, कारण मी गाइडला तसं म्हटलं आणि बाकीचेही उतरायला तयार झाले. बागेत ठिबक नव्हतं, टिश्यूची रोपं नव्हती, पिलांवरच सगळं चाललेलं. घड आपल्या ग्रँड नैनपुढे लहान. पण त्या माणसाने केळफूल ज्या निगुतीने काढून टोपलीत ठेवलं ते बघण्यासारखं होतं. आपण घड पूर्ण निसवला की केळफूल मोडतो आणि बऱ्याचदा बांधावर टाकतो. तिथे ते बाजारात विकलं जातं, बारीक चिरून लिंबू पिळून कच्चं खातात. चिकट भात आणि केळं पानात बांधून वाफवलेलं 'खाओ तोम' त्यांच्या घरी खाल्लं. गाइडमार्फत आम्ही दोघं खत, करपा आणि भावावर बोलत बसलो. सगळ्या फेरीत मला हेच सर्वांत जास्त आवडलं.

धुळे

आम्ही पक्के शाकाहारी. व्हिएतनामला 'chay' (चाय, म्हणजे शाकाहारी) लिहिलेली पाटी शोधा. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले कितीतरी बौद्ध लोक तसंच जेवतात, त्यामुळे गावोगावी सोय आहे. कंबोडिया-लाओसमध्ये मात्र भाजीतही मासळीचं आंबवण पडतं. गाइडकडून त्यांच्या भाषेत चिठ्ठी लिहून घ्या. बिबडी आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असू द्याच.

नंदुरबार, निवृत्त मुख्याध्यापिका

नॉम पेन्हचं तुओल स्लेंग मला विसरता येत नाही. ती शाळा होती. 1975 ते 79 मध्ये ख्मेर रूजने, म्हणजे पोल पॉटच्या कम्युनिस्ट राजवटीने, तिचा तुरुंग केला. वर्गात विटांच्या कोठड्या, त्या इतक्या अरुंद की माणसाला धड आडवं होता येऊ नये. मैदानात मुलांच्या कसरतीचे खांब होते, त्यांना माणसं टांगली. माझा सगळा जन्म वर्गात गेला, त्यामुळे फळ्याची भिंत बघून पाय पुढे जाईना. आमच्या गाइडने घाई केली नाही. तिच्या आजीच्या घरातलं कोण कोण गेलं ते तिने बाहेर झाडाखाली बसून सांगितलं, आणि आम्ही मोजकेच असल्यामुळे ती सांगू शकली. शेजारच्या मोठ्या गटाला शिट्टी वाजवून बसकडे बोलावत होते. अशा जागी शिट्टी वाजवू नये, एवढं मी त्यांच्या माणसाला स्पष्ट सांगितलं.

अमळनेर

अंगकोर वाटच्या पूर्वेकडच्या ओवरीतलं समुद्रमंथन बघायला भरपूर वेळ ठेवा. मध्ये विष्णू, एका बाजूला 92 असुर, दुसऱ्या बाजूला 88 देव, आणि वासुकीची शेपटी धरलेला वानर. वडील हात जोडून तिथेच उभे राहिले. मग गाइडने सांगितलं की त्यांच्या रामायणात, म्हणजे रामकेर्तीत, हनुमान रावणाच्या मत्स्यकन्या मुलीच्या प्रेमात पडतो. वडील रोज मारुतीला जाणारे, मला धास्ती वाटली. ते म्हणाले, 'त्यासनं रामायण त्यासनं शे.' त्यानंतर लाओसमध्ये तिसरंच रामायण ऐकलं, तेही त्यांनी आवडीने ऐकलं.

वरच्या मजल्याच्या पायऱ्या खड्या आहेत. गुडघे दुखत असतील तर ओवऱ्यांतच समाधान माना. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त

लाओसमध्ये राजधानी व्हिएन्तियान ते लुआंग प्रबांग रेल्वेनेच जा. ही लाइन डिसेंबर 2021 मध्ये सुरू झाली. दोनेक तासांत पोचता, रस्त्याने घाटात अख्खा दिवस मोडतो. बोगद्यामागून बोगदे, काम एक नंबर. स्टेशनात पासपोर्ट आणि सामान तपासतात, स्प्रेचे डबे काढून घेतात.

आणि व्हिसाचं: व्हिएतनाममध्ये उतरून कंबोडिया करून परत व्हिएतनाममधूनच विमान असेल, तर ई-व्हिसा 'मल्टिपल एंट्री'चाच काढा. अर्जात कुठल्या नाक्यावरून जाणार तेही विचारतात, ते गटाच्या मार्गाशी जुळवून भरा.