‘भुताची गाडी’ की ‘मयताची गाडी’? अ‍ॅकिलच्या रेल्वेची दंतकथा आणि अडलेले शब्द

रातराणी:
एका आयरिश दंतकथेचा अनुवाद करतेय आणि शीर्षकापाशीच अडलेय. गोष्ट थोडक्यात सांगते, नाहीतर शब्द सुचवणार कसे?

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मेयो काउंटी आहे. तिथे सतराव्या शतकात ब्रायन रुआ नावाचा एक द्रष्टा होऊन गेला असं सांगतात. तो म्हणाला होता की लोखंडी चाकांच्या गाड्या आग आणि धूर ओकत तिथल्या अ‍ॅकिल बेटाकडे येतील. पहिली गाडी मेलेल्यांना घेऊन येईल आणि शेवटचीही मेलेल्यांनाच.

14 जून 1894. अ‍ॅकिल बेटावरची तरुण पोरंपोरी स्कॉटलंडमध्ये बटाटे काढायच्या हंगामी कामाला निघाली होती. वेस्टपोर्टच्या धक्क्यावरून ग्लासगोची आगबोट पकडायची, तिथवर शिडाच्या होडीतून जायचं. आगबोट दिसायला लागल्यावर होडी उलटली. 32 जण बुडाले. अ‍ॅकिलपर्यंतचा रेल्वेमार्ग तेव्हा प्रवाशांसाठी सुरूही झाला नव्हता, तो सुरू झाला 1895 मध्ये. पण त्याच रुळांवरून प्रेतं घरी आणली गेली. पुढे सप्टेंबर 1937 मध्ये स्कॉटलंडमधल्याच कर्किंटिलॉक गावी, मजूर झोपायचे त्या जागेला आग लागून अ‍ॅकिलचे 10 मुलगे गेले. सगळ्यात धाकटा 13 वर्षांचा. त्यांच्या शवपेट्याही याच मार्गानं आल्या आणि त्यानंतर दोन आठवड्यांत मार्ग कायमचा बंद झाला.

आता तिथे 42 किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. मागच्या उन्हाळ्यात मी तो केला. चढ इतका हलका की चढतोय हे मांड्यांना कळतं, डोळ्यांना नाही. मध्येच एका दगडी पुलाखालून जाताना वारा एकदम थांबला, आणि माझ्याच सायकलच्या चेनचा आवाज मागून कुणीतरी येतंय असा वाटला. मान वळवून बघितलं, खोटं कशाला बोलू.

तर प्रश्न. ही गोष्ट सगळीकडे रेल्वेच्या भुतांच्या गोष्टींमध्ये सांगतात. म्हणून मी शीर्षक दिलं ‘भुताची गाडी’. पण मन मानत नाही. शिवाय ब्रायनच्या बोलण्याला भाकीत म्हणू, भविष्यवाणी म्हणू की आणखी काही?

माडाखाली:
मन मानत नाही ते बरोबरच आहे. तुमच्या गोष्टीत भूत कुठंय? एकही नाही. आमच्याकडे तळकोकणात भुतांची खाती वेगवेगळी असतात. मुंजा पिंपळावर, चकवा वाटेवर, देवचार आपल्या हद्दीत, आणि वेताळाची पालखी रात्री मशाली घेऊन निघते. ही सगळी कुणाच्या तरी वाटेत येणारी. अ‍ॅकिलची पोरं कुणाच्या वाटेत आली नाहीत, ती घरी आली. त्याला भूत म्हणू नका ताई.

‘शववाहिका’ पण नको. तो महापालिकेचा शब्द. ‘मयत’ घ्या. आपण ‘मयताला जाऊन येतो’ म्हणतो त्यात माणूस, रडणं, चहा न पिता परत येणं, सगळं आलं. मयताची गाडी.

जाता जाता, अनुवादात कुठे बॅनशी आली तर तिची हडळ करू नका. तो आयरिश शब्द ‘ब्यान शी’ असा आहे, म्हणजे शी लोकांची बाई. शी हे टेकाडांत राहणारे अदृश्य लोक. ती कुणाला झपाटत नाही, घरात मरण यायचं असलं की रडते. त्या रडण्याला मराठीत तयार शब्द आहे: हेल काढून रडणे.

गार्डाचा डबा:
रेल्वेत हयात गेली, त्यामुळे राहवत नाही. ‘पहिली गाडी’ आणि ‘शेवटची गाडी’ हे शब्द जसेच्या तसे ठेवलेत तर मुंबईचा वाचक पहाटेची पहिली लोकल आणि रात्रीची शेवटची लोकल असाच अर्थ लावेल. ‘मार्गावरून गेलेली पहिली गाडी’ असं लिहा. तेही तंतोतंत खरं नाही. मार्ग उघडण्याआधी त्यावरून खडीची गाडी जाते, रुळांची जाते, रुळांखाली टाकायच्या स्लीपरची जाते. त्या गाड्या कुठलाही द्रष्टा मोजत नाही. माणसं घेऊन आलेली पहिली, असा अर्थ धरला तरच ते बोलणं जुळतं. शेवटचीचंही तसंच. दोन आठवडे उरले होते म्हणजे त्या मुलांच्या नंतरही गाड्या गेल्याच असणार.

आणखी एक, तुम्ही आयर्लंडच्या रेल्वेवर पुढे लिहिणार असाल तर. वर्तमानपत्री मराठीत ‘डबे घसरले’ म्हणजे रुळांवरून उतरले. 12 जून 1889 ला आर्मा गावाजवळ मुलांच्या सहलीची गाडी चढावर अडली. इंजिनाला ओढवेना, म्हणून मागचे डबे सोडले, चाकांखाली दगड लावले. इंजिनानं पुढच्या डब्यांना जरासा मागे धक्का दिला आणि दगड चिरडले गेले. सुटलेले डबे उतारानं मागे पळत जाऊन मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे 80 माणसं गेली, त्यांत लहान मुलं पुष्कळ. हे डबे रुळांवरच होते. इथे ‘घसरले’ लिहिलं की अपघातच बदलतो. ‘घरंगळले’ लिहा. उलट 30 जानेवारी 1925 ला डोनेगल काउंटीत ओवेनकॅरो दरीवरच्या पुलावर वादळानं डबे कठड्याकडे ढकलले, चार माणसं मेली. ते ‘उलथले’. तीन तऱ्हांचे अपघात, तीन क्रियापदं. आर्मानंतर त्याच वर्षी कायदा झाला: प्रवासी गाडीला सलग, म्हणजे सगळ्या डब्यांना मिळून लागणारा ब्रेक हवा, डबे तुटून वेगळे झाले तर आपोआप लागणारा. भुताच्या गोष्टीपेक्षा मला ही गोष्ट जास्त आवडते, पण ते असो.

खडूफळा:
भाकीत, भविष्यवाणी, भाकणूक यांतून मी ‘भाकणूक’ घेईन. ‘भाकीत’ आता हवामान खात्याचं आणि निवडणूक-पंडितांचं झालंय. ‘भविष्यवाणी’ला पौराणिक मालिकेचा वास येतो. भाकणूक मात्र अजून जत्रेत आहे. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत फरांडेबाबांची भाकणूक होते: पाऊस, पिकं, भाव, राजकारण. ती कोड्यात असते आणि ऐकणारे घरी जाऊन अर्थ लावतात. वर गार्डकाकांनी ‘कसं धरलं तर जुळतं’ ते दाखवलं, तेच भाकणुकीचं अंग आहे. क्रियापदाकडे लक्ष द्या: भाकीत करतात किंवा वर्तवतात, भाकणूक होते.

‘रुआ’ म्हणजे तांबडा, तांबड्या केसांचा. आपलं ‘रुधिर’ त्याच मूळ धातूचं. ‘लोह’सुद्धा त्याच कुळातला मानतात, आधी अर्थ तांबूस धातू. आयरिशमध्ये रेल्वेला ‘इअर्नरोड’ म्हणतात, शब्दशः लोखंडाचा रस्ता, म्हणजे आपला लोहमार्गच. आणि आग ओकणाऱ्या गाडीला मराठी माणसानं कुठल्याही द्रष्ट्याला न विचारता ‘आगगाडी’ म्हटलं. अनुवादात तोच शब्द ठेवा. ‘ट्रेन’ आणि ‘रेल्वे’ इथे फिके पडतील.

आणि हो, बेटाचं नाव ‘अ‍ॅकिल’ लिहिलंत ते बरं केलंत. इंग्रजी अक्षरं बघून लोक ‘अचिल’ लिहितात.

रातराणी:
आता खरा अडलेला शब्द विचारते. प्रस्तावनेत मला ‘कोश्ते बाउर’ आणायचा आहे. आयरिश लोककथेतली मरणाची बग्गी. रात्री येते, आणि एकदा आली की रिकामी परत जात नाही. आगगाड्या यायच्या कितीतरी आधीची कल्पना. इंग्रजीवाले तिला ‘निःशब्द बग्गी’ म्हणतात. मराठीत ‘मुकी बग्गी’ चालेल?

खडूफळा:
चालेल, ‘मुका मार’मधला मुका म्हणून छान चालेल. पण थांबा. ‘बाउर’चा अर्थ मुका नाही, बहिरा. उच्चारात विरघळलेलं एक अक्षर लिहिताना मात्र टिकून आहे. लिपी बदलून तो शब्द लिहिला तर ‘बोधर’ होतो. आता मोठ्यानं म्हणा: बोधर, बधिर. योगायोग नाही, दोन्ही शब्द एकाच मुळाचे. आपण बधिरचे दोन केले: कानाला बहिरा, हातापायाला बधीर. आयरिशनं एकातच भागवलं. शिवाय दबक्या, पोकळ आवाजालाही ते बाउर म्हणतात. फुटक्या मडक्यावर टिचकी मारली की येतो तो आपला ‘बद्द’ आवाज, त्याच्या आसपासचं काहीतरी. बग्गी बहिरी म्हणजे बहुधा तिची चाकं तशी वाजतात.

माडाखाली:
बहिरीच ठेवा. कितीही करुणा भाका, ऐकत नाही म्हणून बहिरी. व्युत्पत्ती नसेल ही, पण वाचकाला असंच कळणार आणि ते चुकीचं नाही.

रातराणी:
ठरलं. शीर्षक ‘मयताची गाडी’, प्रस्तावनेत ‘बहिरी बग्गी’, ब्रायनची ‘भाकणूक’. शेवटचं वाक्य आत्ताच लिहिलं, बघा: “अ‍ॅकिलला आगगाडी आली ती मयत घेऊन, आणि गेली ती मयत पोचवूनच.”

गार्डाचा डबा:
‘पोचवूनच’मधला ‘च’ काढा. पुढे दोन आठवडे नेहमीच्या गाड्या होत्या.

रातराणी:
काढला, काका.