'अधिकृत प्रवेशिका' आणि 'नामांकन' : ऑस्करच्या संदर्भात नेमका फरक कोणता?

रविवारचा खेळ

आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या सभागृहात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एक चित्रपट दाखवला जातो. प्रेक्षकांना वाटायचे एक पानी टिपण लिहिण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. पुढच्या महिन्यात 'श्वास' आहे. टिपणाची पहिलीच ओळ मी 'ऑस्करसाठी २००४ साली भारताची अधिकृत प्रवेशिका ठरलेला चित्रपट' अशी लिहिली होती. छपाईला देण्यापूर्वी आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी ती लाल शाईने खोडली, वर 'ऑस्कर-नामांकित' असे लिहिले आणि समासात शेरा मारला : 'प्रवेशिका नाटकाच्या असतात.' त्यांच्याकडे त्या काळातील एक कात्रणही आहे, पिवळे पडलेले आणि घडीवर फाटलेले. त्याच्या मथळ्यात 'नामांकन' हाच शब्द आहे, त्यामुळे माझी बाजू लंगडी पडली.

माझ्या समजुतीप्रमाणे देशाने चित्रपट पाठवणे आणि ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेतील अकादमीने त्याला नामांकन देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तसे असेल तर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट' या दोन चित्रपटांबाबत काय लिहावे, आणि मधले टप्पे नेमके कोणते, हे या मंचावरील जाणकारांनी सांगावे. टिपण गुरुवारी छपाईला जाणार आहे.

जुनी तिकिटे

आपली मूळ ओळ बरोबर आहे आणि लाल शाई चुकीची आहे.

पूर्वी 'परभाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपट' आणि आता 'आंतरराष्ट्रीय चित्रपट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विभागात प्रत्येक देशाला दरवर्षी एकच चित्रपट पाठवता येतो. आपल्याकडे ही निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया या चित्रपट उद्योगाच्या शिखर संस्थेने नेमलेली समिती करते. तिने निवडलेला चित्रपट म्हणजे अधिकृत प्रवेशिका, आणि इथपर्यंत अकादमीच्या सभासदांचा काडीचाही संबंध आलेला नसतो. त्यानंतर वेगवेगळ्या देशांचे चित्रपट सभासदांपुढे जातात. ९५व्या सोहळ्याच्या (२०२३) वेळी असे ९२ देश होते. सभासद गुप्त मतदानाने आधी १५ चित्रपटांची यादी करतात, त्या पंधरांतून पाच निवडतात, आणि या पाचांनाच 'नामांकित' म्हणता येते.

या पाचांत आजवर पोहोचलेले भारताचे चित्रपट म्हणून 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान' हीच नावे घेतली जातात. 'लगान'च्या वर्षी पुरस्कार बोस्निया-हर्झगोविनाच्या 'नो मॅन्स लँड'ला गेला, हे आपल्या पिढीतल्या पुष्कळांना अजून टोचते. संदीप सावंत यांचा 'श्वास', परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) आणि चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१५) हे तिन्ही मराठी चित्रपट प्रवेशिका होते. तिघांपैकी एकालाही नामांकन मिळाले नाही. 'श्वास'च्या वेळी मधली यादी जाहीर करण्याची पद्धतच नव्हती, ती २००६ पासून आली. पुढच्या दोघांच्या वेळी यादी नऊ चित्रपटांची होती आणि तिच्यातही ते नव्हते.

'श्वास'च्या थोरवीसाठी ऑस्करचा टेकू घेण्याची गरजही नाही. 'श्यामची आई'नंतर तब्बल अर्ध्या शतकाने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीकडे आला तो या चित्रपटामुळे, आणि टिपणाची पहिली ओळ तीच असायला हवी, असे माझे मत आहे.

छाननी

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण त्या ज्येष्ठ सभासदांचा घोटाळा कुठून आला याचाही विचार व्हावा, कारण तो त्यांच्या एकट्याचा नाही. मी निवडणुकीच्या कामावर अनेकदा होतो. तिथे नामांकन म्हणजे उमेदवाराने स्वतः येऊन भरलेला अर्ज. तो दाखल झाला की माणूस नामांकन भरून मोकळा होतो आणि छाननी पुढे होते. हाच अर्थ कानात बसला की 'भारताने चित्रपट पाठवला' आणि 'चित्रपटाला नामांकन मिळाले' ही दोन वाक्ये एकाच अर्थाची वाटू लागतात. चित्रपट पुरस्कारांत क्रम अगदी उलटा आहे. तिथे अर्ज म्हणजे प्रवेशिका, आणि नामांकन हा अंतिम मतदानाआधीच्या फेरीचा निकाल असतो.

भर म्हणून हेही सांगतो की राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत नामांकने जाहीरच होत नाहीत, परीक्षक मंडळ थेट विजेते जाहीर करते. राज्य शासनाच्या मराठी चित्रपट पुरस्कारांत मात्र आधी प्रवेशिका मागवतात आणि मग नामांकने जाहीर करतात. म्हणजे आपल्या सभासदांनी खोडलेला शब्द शासनाच्या जाहिरातीत दरवेळी छापून येतो.

सातासमुद्रापार

मी लॉस एंजेलिसच्या परिसरात राहतो आणि या गोंधळाचा आणखी एक प्रकार दरवर्षी जानेवारीत पाहतो. भारतातील बातम्यांत 'अमुक चित्रपट ऑस्करच्या शर्यतीत' असे मथळे येतात आणि नातेवाईक मला अभिनंदनाचे संदेश पाठवतात, जणू मीच तो काढला आहे. प्रत्यक्षात ती अकादमीने प्रसिद्ध केलेली पात्र चित्रपटांची यादी असते, शेकडो नावांची. सर्वसाधारण विभागांसाठी त्या यादीत येण्याला देशाची शिफारस लागत नाही. चित्रपट ४० मिनिटांपेक्षा मोठा असावा लागतो आणि अमेरिकेतील ठरावीक सहा महानगर परिसरांपैकी एकात, एकाच व्यावसायिक चित्रपटगृहात, सलग सात दिवस, रोज किमान तीन खेळ आणि त्यांपैकी एक संध्याकाळी सहा ते दहाच्या दरम्यान सुरू होणारा, असा तो चालवावा लागतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या विभागासाठी याहून अधिक अटी आहेत, पण यादीत नाव येण्यापुरते एवढे भागते.

असा एक आठवडा मी स्वतः पाहिला आहे. उपनगरातील एका जुन्या बहुपडदा चित्रपटगृहात, मंगळवारी दुपारी, एका भारतीय चित्रपटाच्या खेळाला आम्ही चार जण होतो. त्यांतील एक आजोबा मध्यंतर कधी होणार म्हणून दोनदा उठून बाहेर डोकावले. इथे मध्यंतर होत नाही. दारावर चित्रपटाचे भित्तिपत्रकसुद्धा नव्हते, तिकीटखिडकीच्या वरच्या फलकावर अर्धवट नाव तेवढे फिरत होते. आठवडा संपला, चित्रपट पात्र ठरला आणि तिकडे मथळा झाला.

याच वाटेने खरे यशही मिळू शकते, हेही नमूद करायला हवे. २०२२ साली भारताने 'छेल्लो शो' हा गुजराती चित्रपट पाठवला आणि तो पंधरांच्या यादीपर्यंत गेला. 'आरआरआर' भारताची प्रवेशिका नव्हता, त्याच्या अमेरिकेतील वितरकांनी तो सर्वसाधारण विभागांत उतरवला. त्याला एकच नामांकन मिळाले, गाण्यासाठी, आणि मार्च २०२३ मध्ये 'नाटू नाटू'ने पुरस्कार मिळवला.

तिसरी घंटा

शब्दांचा निवाडा झाला असला तरी खरी चाळणी कुठे लागते याकडे दुर्लक्ष होऊ नये. देशाला एकच जागा असल्यामुळे पहिला आणि सर्वांत कठोर नकार परदेशी सभासदांकडून नव्हे, तर घरातूनच मिळतो. २०२४ साली पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला कान महोत्सवात ग्रां प्री मिळाले होते. मुंबईतील परिचारिकांची आणि शेवटी रत्नागिरीच्या बाजूला, समुद्रकाठच्या गावात जाणारी ती गोष्ट आहे. आपल्या समितीने किरण राव यांचा 'लापता लेडीज' पाठवला. कपाडिया यांचा चित्रपट समितीला 'भारतात घडणाऱ्या युरोपीय चित्रपटासारखा' वाटला, अशा आशयाचे फेडरेशनच्या अध्यक्षांचे म्हणणे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. निर्मितीत फ्रान्सचा वाटा असल्यामुळे तो तिकडच्याही विचारात होता, पण फ्रान्सने 'एमिलिया पेरेझ'ची निवड केली. 'लापता लेडीज'ला पंधरांतही जागा मिळाली नाही. आपल्या छाया कदम या दोन्ही चित्रपटांत आहेत, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

कपाडिया यांचा चित्रपट पाठवला असता तर नामांकन मिळालेच असते, असा दावा मी करणार नाही. मात्र जो चित्रपट अकादमीच्या मतदारांनी आधीच पाहिलेला आणि ज्याच्याविषयी ऐकलेले असते, त्याला निम्मी वाट चालून झालेली असते. 'श्वास'च्या मंडळींना ही वाट शून्यापासून चालावी लागली. तिकडच्या प्रचारासाठी त्यांनी वर्गणी जमवली आणि त्यात शासनापासून शाळकरी मुलांपर्यंत अनेकांनी हातभार लावला. तेव्हाच्या मथळ्यांत 'नामांकन' शब्द शिरला तो बहुधा या उत्साहाच्या भरात.

पंचगंगा

नामांकित आणि विजेत्या अशा दोन्ही यादींत बसणारे एक मराठी नाव इथे कोणीच घेतलेले नाही, म्हणून लिहीत आहे. कोल्हापूरच्या भानु अथैया, पूर्वाश्रमीच्या राजोपाध्ये, यांना 'गांधी'च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह १९८३ साली ऑस्कर मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पुढे त्यांनी ऑस्करची ती बाहुली सुरक्षित राहावी म्हणून २०१२ मध्ये अकादमीकडेच परत सोपवली. २०२० साली त्या गेल्या. नामांकनापर्यंत पोहोचलेल्या 'लगान'ची वेशभूषाही त्यांचीच होती, ही गोष्ट आमच्या गावातही फार थोड्यांना ठाऊक आहे.

वेशभूषेसारख्या विभागात पहिल्या फेरीचे मत त्याच शाखेचे सभासद देतात आणि अंतिम मतदान सर्वांचे असते. त्यामुळे तिथले नामांकन म्हणजे धोतराची निरी आणि खादीचा पोत ओळखण्याचा ज्यांचा व्यवसाय आहे, अशा समव्यावसायिकांनी दिलेली पावती असते. माझ्या दृष्टीने तिचे मोल शेवटच्या बाहुलीइतकेच आहे.

रविवारचा खेळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ही चर्चा मी छापून त्या सभासदांना वाचायला दिली. निवडणुकीच्या अर्जाचा मुद्दा त्यांना एकदम पटला, कारण ते स्वतः दोन वेळा नगरपालिकेला उभे राहिले होते आणि दोन्ही वेळा नामांकनापुढे गाडी गेली नव्हती, हे त्यांनीच हसत सांगितले. कात्रण मात्र ते टाकून देणार नाहीत.

'जुनी तिकिटे' यांच्या सूचनेप्रमाणे राष्ट्रीय पुरस्काराची ओळ वर घेतली आहे आणि तिच्याखाली 'ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका' हे शब्द ठेवले आहेत. शेवटची अडचण प्रुफे तपासताना लक्षात आली. त्याच पानाच्या तळाशी 'मोफत प्रवेशिका वाचनालयात मिळतील' असे वर्षानुवर्षे छापले जाते. तिथे या खेपेपुरते 'पास' केले आहे.