शब्दचर्चा: संग्रहालयातल्या होडीचा ‘जीर्णोद्धार’ होतो का?

रावपुरेकर
बडोद्यात एका छोट्या प्रदर्शनाच्या मराठी पाट्या लिहायच्या आहेत. गुजराती आणि इंग्रजी मजकूर तयार आहे, मराठी नेहमीप्रमाणे शेवटी आठवलं. वस्तू तीन आहेत: एकाच खोडातून कोरलेली डोण, कच्छी कोटियाचा 1:20 मापाचा नमुना, आणि सुट्या भागांची काचपेटी. पेटीत सुकाणूचा तुकडा, दोन कप्प्या आणि मूठभर घडीव लोखंडी खिळे आहेत. मसुद्यात तिन्ही ठिकाणी ‘जीर्णोद्धार’ लिहिलंय. मला ते खटकतंय, पण त्या जागी ‘संवर्धन’ घालावं, ‘जतन’ की ‘दुरुस्ती’, हे ठरत नाही. शिवाय कोटियाच्या पाटीवर ‘कच्छचे जुने वहाण’ असं आहे. भागांची नावंही तपासून हवी आहेत.

घडियाळी पोळ
‘वहाण’ आज रात्रीच काढा. गुजरातीत ते जहाज आहे, मराठीत पायात घालायची वस्तू. कोटियाला सरळ ‘कोटिया’ म्हणा आणि पुढे ‘कच्छी बांधणीचं मोठं गलबत’ एवढं जोडा. जातीचं नाव असताना नुसतं ‘जहाज’ लिहिलं तर माहिती गेली. बतेला, मचवा, शिबाड, पडाव, फत्तेमारी ही नावं एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

दांडियाबाजार
जीर्णोद्धार देवळाचा होतो. त्यात जुनं पाडून नवं बांधलं तरी कोणी हरकत घेत नाही, उलट पुण्य लागतं. होडीच्या पाटीवर तो शब्द आला की वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही की समोरचं लाकूड जुनं किती आणि नवं किती. ‘संवर्धन’ रुळलेला शब्द आहे, पण मत्स्यसंवर्धन म्हणजे मासे वाढवणं. नौकासंवर्धन ऐकून कोणी होड्यांची पैदास समजला तर त्याला दोष देता येणार नाही. इथल्या विद्यापीठात 1952 पासून संग्रहालयशास्त्र शिकवतात, त्यामुळे इंग्रजी संज्ञा पुष्कळांना तोंडपाठ आहेत. मराठीत आलं की मात्र सगळ्याचंच ‘संवर्धन’ होतं.

माझा आग्रह असा की शब्द कामावरून ठरवावा. वस्तूला हात न लावता फक्त हवा, उजेड, कीड आणि आधार सांभाळला असेल तर ते जतन. लाकडावर किंवा धातूवर उपचार केले, पण नवा भाग घातला नाही, तर संरक्षक उपचार. इथे ‘संवर्धन’ही चालवून घेईन. मोडका भाग काढून नवा बसवला तर भाग बदलला असं स्वच्छ लिहावं. कोणता भाग आणि कोणत्या साली, तेही. चांगल्या कार्यशाळेत नव्या तुकड्याच्या आतल्या, न दिसणाऱ्या अंगावर साल कोरून ठेवतात. पन्नास वर्षांनी नवं लाकूडही काळवंडतं आणि मग भले भले फसतात.

डागडुजी हा शब्द मात्र मी होडीच्या मालकासाठी राखून ठेवीन. डोणीवर पत्र्याचं ठिगळ, डांबराचा थर, वेगळ्याच लाकडाचा तुकडा असं काही असेल तर ती होडीच्या कामकाळातली डागडुजी आहे. ती काढायची नाही. ते ठिगळ म्हणजे होडी कुठे घासली आणि मालकाच्या हाताशी काय होतं याचा पुरावा आहे. पाटीवर ‘मालकाच्या काळातली डागडुजी’ आणि ‘संग्रहालयात केलेला उपचार’ या दोन वेगळ्या ओळी हव्यात.

बाबाजीपुरा
सहमत. वर एक उदाहरण ठेवतो. ‘ट्रिंकोमाली’ ही लढाऊ नौका 1817 साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी, म्हणजे तिथल्या जहाजबांधणी करणाऱ्या पारशी घराण्याने, सागवानात बांधली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. 1990 ते 2001 अशी अकरा वर्षं तिच्यावर काम चाललं. हिला ‘जतन केलेली’ म्हटलं तर ते अपुरं, आणि ‘पुनर्बांधणी’ म्हटलं तर मुंबईच्या सागावर अन्याय. तिथे दांडियाबाजार म्हणतात तशी वाक्यंच लागतील, एका शब्दात भागणार नाही.

उलट बाजूला आपली जुनी ‘विक्रांत’. 1997 मध्ये नौदलातून निवृत्त झाली, मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, 2012 मध्ये सुरक्षेच्या कारणाने लोकांसाठी बंद झाली आणि 2014 पासून तोडली गेली. पोलादी तळ खाऱ्या पाण्यात ठेवायचा तर ठरावीक काळाने सुक्या गोदीत चढवून खरवडून रंगवावाच लागतो. ते होत नसेल तर ‘तरंगतं संग्रहालय’ हे जतन नव्हे, नुसती मुदतवाढ.

रावपुरेकर
दांडियाबाजार, तुमची वर्गवारी पटली. आणखी एक अडचण आहे. इंग्रजी मजकुरात एक चौकट स्वीडनच्या ‘वासा’ जहाजावर आहे. तिथल्या रासायनिक प्रक्रियेला मसुद्यात ‘अंतर्भरण-संतृप्तीकरण’ लिहिलंय आणि लाकडाला ‘जलसंपृक्त काष्ठ’. आपल्या डोणीवरही तीच प्रक्रिया करावी, असं एकाने समासात सुचवलंय.

बाबाजीपुरा
समासातली सूचना आधी खोडा. ती प्रक्रिया पाण्याखाली शेकडो वर्षं राहिलेल्या लाकडासाठी आहे. तुमची डोण सुकलेली आहे.

वासा 1628 मध्ये पहिल्याच सफरीत बुडालं, 1961 मध्ये वर काढलं. अशा लाकडात पेशींच्या भिंती जिवाणूंनी खाल्लेल्या असतात आणि आकार टिकून असतो तो निव्वळ आतल्या पाण्यामुळे. उघड्यावर सुकवलं की पाणी बाहेर पडताना त्याच्या पृष्ठताणाने पोकळ पेशी आत ओढल्या जातात. लाकूड आकसतं, पिळवटतं, फुटतं. म्हणून पाण्याच्या जागी पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखं, पाण्यात विरघळणारं द्रव्य भरतात. वासावर त्याचा फवारा 17 वर्षं चालू होता. सुट्या भागांना हौदात ठेवतात. सुरुवात 5-10 टक्क्यांच्या द्रावणाने होते आणि तीव्रता कित्येक महिने थोडी थोडी वाढवत नेतात. घाई केली तर द्रव्य आत शिरण्याआधी पाणी बाहेर ओढलं जातं आणि जे टाळायचं तेच घडतं. कमी रेणुभाराचं ग्लायकॉल (400 च्या आसपास) बऱ्या अवस्थेतल्या पेशीभिंतीत शिरतं, जास्त रेणुभाराचं (2000 ते 4000) मोठ्या पोकळ्या भरतं. त्यामुळे पुष्कळदा आधी हलकं, मग जड असं दोन टप्प्यांत करतात.

शब्द: या क्रियेला मराठीत ‘मुरवणे’ आहे, लोणच्याला वापरतो तोच. ‘लाकडात ग्लायकॉल मुरवलं’ हे शाळकरी मुलालाही कळतं. ‘जलसंपृक्त काष्ठ’ऐवजी ‘पाणी धरलेलं लाकूड’.

चौकटीत ‘ओलावा 400 टक्के’ असा आकडा आला तर छापणारा तो 40 करेल, सांभाळा. ही टक्केवारी कोरड्या लाकडाच्या वजनावर काढतात. एक किलो कोरड्या लाकडात चार किलो पाणी, म्हणजे 400 टक्के. त्याहून वर गेलेलं लाकूड सगळ्यात खराब वर्गात धरतात, 185 च्या खालचं त्यातल्या त्यात धडधाकट.

मांडवीवाला
(मांडवी म्हणजे कच्छची, बडोद्याच्या चार दरवाजांमधली नव्हे.) भागांची नावं घ्या.

पुढचं टोक नाळ. एकटा शब्द ठेवू नका; वाचणाऱ्याला घोड्याची किंवा बाळाची नाळ आठवेल. ‘नाळ, म्हणजे गलबताचं तोंड’ असं लिहा. गुजरातीत त्याला मोरो म्हणतात. मागचा भाग पाटीवर ‘पिछाडी’ पुरे. कोटियाची पिछाडी सपाट आणि नक्षीदार असते, नमुन्यात ती दिसत असेल तर तिथे बोट दाखवा. तळाचा कणा पठाण. यावर हमखास कोणीतरी हसणार, तरीही ठेवा, सुतार तेच म्हणतात. फासळ्या म्हणजे वांक. कच्छमध्ये त्या बाभळीच्या करतात, कारण बाभळीची फांदी मुळात वाकडी मिळते. सरळ लाकूड कापून वळण काढलं तर धागे आडवे तुटतात आणि जोर आला की फासळी तिथेच मोडते. उभी ती डोलकाठी, तिला टांगलेलं आडवं लाकूड परबाण, त्यावर शीड. ‘मस्तूल’ हिंदी पुस्तकातून आलेला दिसतो, तो वगळा. नांगर मराठीत नांगरच. ‘लंगर’ लिहिलं तर बडोद्यात लोक जेवणाच्या पंगतीला निघतील.

फळ्यांच्या सांध्यात कापूस किंवा काथ्या ठोकून भरतात, त्याला खलाशी बोलीत कालापत्ती. मसुद्यात ‘सांध्यांना डांबर’ असेल तर नीट तपासा. जुन्या वर्णनांत ‘डामर’ येतो तो झाडाचा डिंक, म्हणजे राळ. ती तेलात वितळवून लावत. रस्त्यावरच्या डांबराशी तिचा संबंध नाही, आणि दोन्ही काढण्याचे द्रावकही वेगळे आहेत.

रावपुरेकर
खिळ्यांच्या ओळीत ‘गंज काढून स्वच्छ केलेले’ आहे. आणि डोणीला जवसाचं तेल पाजायचं ठरतंय. शब्द ‘तेलपाणी’ चालेल?

बाबाजीपुरा
शब्द चालेल, काम चालणार नाही. संग्रहालयात तेल हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होतं, चिकट राहतं, धूळ धरतं आणि पुढे कोणताही उपचार आत जाऊ देत नाही. होडी वापरात असताना दर हंगामात तेल देतात तेव्हा पाणी आणि घर्षण जुना थर झिजवतं. काचेमागे तो साचतच जातो. शिवाय जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून टाकले तर आपोआप पेटतात. कुठे वापरलंच तर बोळे पाण्यात बुडवून झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकायचे.

डोणीला खरा धोका आपल्या हवेचा आहे. वैशाखातली कोरडी दुपार आणि श्रावणातली दमट हवा यांत लाकूड श्वास घेतं. हवेची आर्द्रता 30 टक्के असताना लाकडातला ओलावा साधारण 6 टक्क्यांवर येतो, 80 टक्के असताना 16 वर जातो. सागासारखं स्थिर लाकूडसुद्धा ओलं ते पूर्ण कोरडं होताना वर्षवलयांच्या दिशेने 5.8 टक्के आकसतं. म्हणजे 25 सेंटिमीटर रुंद फळी या दोन ऋतूंमध्ये पाचेक मिलिमीटर हलते. म्हणून भेगांत एपॉक्सी किंवा कडक लांबी (फटी बुजवायचा लगदा) भरू नका. उन्हाळ्यात भरलेली कडक लांबी पावसाळ्यात फुगणाऱ्या लाकडात पाचर होऊन बसते आणि दुसरीकडे नवी भेग पाडते. ‘भेगा भरल्या’ हे पाटीवर अभिमानाने लिहिण्यासारखं नाही. आर्द्रता 50-55 टक्क्यांच्या आसपास, आणि मुख्य म्हणजे स्थिर, ठेवता आली तर भेगा तशाच राहू द्या.

आधाराचंही पाहा. पाणी होडीला सगळीकडून सारखं उचलतं, लाकडी ठोकळा एकाच जागी. दोनच ठोकळ्यांवर ठेवलेली डोण काही वर्षांत एकतर मधे खचते, नाही तर दोन्ही टोकं लोंबतात. तळाच्या आकाराप्रमाणे कापलेले, नमद्याचं अस्तर दिलेले निदान तीन-चार आधार घ्या. नाळेपासून पिछाडीपर्यंत दोरी ताणून मधलं अंतर मोजा, सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. आकडा बदलला तर आधार चुकलाय.

दांडियाबाजार
खिळ्यांसाठी ‘गंज थोपवलेले’. गंज खरवडून चकचकीत केलं की घणाचे ठसे आणि कडा गेल्या. समुद्रातल्या लोखंडात मीठ शिरलेलं असतं, ते आतून गंज चालू ठेवतं. तुकडे गोड्या पाण्यात ठेवून पाणी बदलत राहायचं. काढलेल्या पाण्यात नायट्रिक आम्लाचा थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेट टाकलं की पांढरट गढूळपणा येतो, तोवर मीठ निघतंय. हौदाचं पाणी अल्कधर्मी ठेवतात, नाही तर भिजतानाच नवा गंज धरतो.

मुख्य अडचण पेटीची आहे. लाकडाला 50 टक्के आर्द्रता हवी आणि खारवलेलं लोखंड 15-20 टक्क्यांच्या वर गंजतं. सुकाणूचा तुकडा आणि खिळे एका पेटीत ठेवूच नका. खिळे सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या) बंद डब्यात, तुकडा बाहेर. सुकाणूत अडकलेला खिळा असेल तर तो उपटू नका. त्याच्याभोवतीचं लाकूड काळं आणि मऊ झालेलं असतं, कारण लोखंड गंजताना तयार होणारे अल्क आणि क्षार लाकडाचे बंध सोडवतात. खिळ्याबरोबर मूठभर लाकूडही येईल. या प्रकाराला मराठीत नाव नाही. ‘खिळ्याने खाल्लेलं लाकूड’ म्हणा.

घडियाळी पोळ
‘प्रतिकृती’ राहिली. मराठीत हा शब्द टेबलावरच्या खेळण्यापासून समुद्रात जाणाऱ्या जहाजापर्यंत कशालाही लावतात. लहान मापाचा असेल तर ‘नमुना’ आणि मापाचं प्रमाण द्या. उपलब्ध मूळ होडी मोजून तेवढीच बांधली तर ‘पूर्णाकृती प्रतिकृती’. पण 2025 मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेली ‘कौंडिण्य’ दोन्हीत बसत नाही. तिच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या आहेत आणि आराखडा अजिंठ्याच्या चित्रावरून घेतलाय. ज्याची प्रत काढावी असं मूळ जहाज हाती नाही. चित्रात पाण्याखालचा तळ दिसत नाही, तो आजच्या नौकाबांधणीच्या गणिताने ठरवावा लागतो. तिला ‘चित्रावरून बांधलेली’ म्हणावं. ‘पुनर्बांधणी’ म्हटलं की आधी एकदा बांधलेली हाती लागली होती असा समज होतो.

रावपुरेकर
डोणीची पाटी अशी केली, पाहा:

‘डोण. एकाच खोडातून कोरलेली, लांबी सुमारे साडेचार मीटर. डाव्या अंगाला पत्र्याचं ठिगळ: मालकाच्या काळातली डागडुजी. संग्रहालयात केलेला उपचार: कोरडी सफाई आणि नवे आधार. एकही भाग बदललेला नाही. भेगा मूळ अवस्थेत ठेवल्या आहेत.’

मांडवीवाला
चांगली आहे. ‘सुमारे’ काढा, डोण तुमच्यासमोर आहे, टेप लावा आणि सेंटिमीटरपर्यंत द्या. ‘डाव्या अंगाला’ म्हणजे नाळेकडे तोंड करून डावं, हे आत कंसात घाला, नाही तर काचेसमोर उभा राहणारा उजवीकडे शोधेल. आणि ‘भेगा मूळ अवस्थेत’ नको. खोड कोरलं तेव्हा भेगा नव्हत्या. ‘भेगा भरलेल्या नाहीत’ एवढंच.