साडेतीन वर्षांचा मुलगा इतर मुलांच्या शेजारी खेळतो, पण त्यांच्यात मिसळत नाही

प्रश्न (आई)
माझा मुलगा बालवाडीत जाऊ लागून चार महिने झाले. तो इतर मुलांच्या शेजारी बसून ठोकळे रचतो, परंतु त्यांच्या खेळात सहभागी होत नाही. आणि कुणी त्याचा ठोकळा उचललाच, तर एक शब्दही न बोलता त्या मुलाला ढकलतो. मी त्याला लगेच ‘सॉरी’ म्हणायला लावते. तो मान खाली घालून म्हणतोही, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडते. मी कुठे कमी पडते आहे का?

उत्तर १ (बालवाडी शिक्षिका)
शेजारी बसून आपापला खेळ खेळणे याला समांतर खेळ म्हणतात. संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचे जे प्रकार मांडले, त्यांत तो आहे. मिळून खेळणे हळूहळू वाढत जाते, तरी समांतर खेळ पुढेही टिकून राहतो. माझ्या वर्गातली पाच वर्षांची मुलेसुद्धा त्याकडे परततात. त्यामुळे तेवढ्यावरून चिंता करू नये. मात्र हाक मारल्यावर मूल वळून पाहत नसेल, आवडलेली वस्तू कुणाला दाखवायला आणत नसेल किंवा येत असलेले शब्द विसरू लागले असेल, तर विनाविलंब बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

उत्तर २ (बालमानसशास्त्राची अभ्यासक)
ढकलण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण खरी अडचण तिथे आहे. विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मुलांना एक गोष्ट सांगितली: एक मुलगा चॉकलेट कपाटात ठेवून बाहेर जातो आणि त्याच्या मागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते, परत आल्यावर तो चॉकलेट कुठे शोधेल? चॉकलेट हलवलेले त्या मुलाला ठाऊकच नाही, हे चार वर्षांच्या अलीकडच्या, म्हणजे तीन वर्षांच्या, मुलांच्या लक्षात येत नव्हते. ही समज साधारणपणे चौथ्या वर्षानंतर पक्की होत जाते. आता ठोकळ्यांकडे पाहा. ठोकळा उचलणाऱ्याला ‘याचे घर अजून पूर्ण व्हायचे आहे’ हे माहीत नसेल, ही शक्यता तुमच्या मुलाच्या मनात सहजी येत नाही. त्याच्या दृष्टीने ते सरळ हिसकावणे असते. म्हणून माफीच्या आधी त्याला वाक्य द्यावे. जमिनीवर त्याच्या शेजारी बसून, हात हलकेच धरून म्हणावे, “तुझं घर मोडलं, तुला राग आला. ‘माझं अजून झालं नाही’ असं सांग.” हे शांत वेळी बाहुल्यांच्या खेळातही करून घ्यावे, कारण राग चढल्यावर नवे काही शिकता येत नाही.

उत्तर ३ (दोन मुलांचे वडील)
वरील म्हणणे पटते, तरी ज्याला ढकलले त्या मुलाकडे दुर्लक्ष होऊ नये, असे मला तळमळीने वाटते. आम्ही ‘सॉरी’चा आग्रह सोडला आणि त्याऐवजी पडलेल्या मुलाजवळ जाऊन “तुला लागलं का?” असे आपल्या मुलीच्या देखत विचारू लागलो. काही आठवड्यांनी ती स्वतःहून पाण्याचा पेला घेऊन आली.

प्रश्नकर्ती (तीन आठवड्यांनंतर)
सर्वांची मनापासून आभारी आहे. काल त्याने ठोकळ्यांवर दोन्ही हात ठेवून “माझं अजून झालं नाही” असे मोठ्याने म्हटले. त्यानंतर ढकललेच, पण वाक्य आधी आले.