बाजीरावांना पुरणपोळी वाढणाऱ्यांनो, बाळूंच्या चहाचं काय?

माजघर:
परवा कुणीतरी गमतीचा प्रश्न टाकला होता: ‘इतिहासातला तुमचा क्रश कोण, आणि तो घरी जेवायला आला तर काय वाढाल?’ खाली उत्तरांची रांग. बाजीराव, पुरणपोळी. बाजीराव, कटाची आमटी. पुन्हा बाजीराव, वर साजूक तुपाची धार. दोन दिवस गप्प बसले, आता लिहिते.

माझा क्रश पळवणकर बाळू. डावखुरा फिरकी गोलंदाज, जन्म १८७६, धारवाडचा, चांभार कुटुंबातला. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची झाडलोट करायची, जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे, पगार महिना चार रुपये. ‘जंगली’ ग्रेगसारखा इंग्रज फलंदाज याच्यापुढे तासन्‌तास सराव करायचा. पुढे हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं म्हणून बाळूंना संघात घेतलं. मैदानात सगळे त्याच चेंडूला हात लावणार, पण चहाच्या सुट्टीत बाकीचे आत आणि बाळू बाहेर. त्यांचा चहा मातीच्या भांड्यात, प्यायला की फेकून द्यायचं. जेवणही वेगळं. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर याच माणसाने ११४ बळी घेतले.

मी त्यांना चहालाच बोलवीन. कपाटातल्या निळ्या नक्षीच्या कपात, बशीसकट, सोबत खारी आणि चकली. समोर बसून विचारीन, बोटांची पकड कशी होती ते दाखवा.

आमच्या आजीच्या घरी मागच्या ओसरीवर कोनाड्यात एक कप वेगळा असायचा. विहिरीचा गाळ काढायला येणाऱ्या माणसासाठी. चहा वरून ओतायचे आणि कप त्यानेच विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायचा. मी सहा-सात वर्षांची असताना त्या कपातून पाणी प्यायले म्हणून मार खाल्ला होता. तो कप मला अजून दिसतो. म्हणून पंगतीचं स्वप्न रंगवायचं असेल, तर ज्याला पंगतीत कुणी बसू दिलं नाही त्याला आधी पाट मांडा.

पेठकर:
ताई, गमतीचा प्रश्न होता. लोक दिवसभर राबून दोन घटका हसायला येतात, तिथेही जात आणायचीच का? बाजीराव आवडतात ते पेशवे म्हणून नाही. विशीत पेशवाई मिळाली, १७२८ ला पालखेडला निजामाला कोंडीत धरलं, चाळिशीच्या आत रावेरखेडीला नर्मदेकाठी देह ठेवला. असा माणूस मुलींना आवडला तर बिघडलं काय? माझी बहीण शाळेत असल्यापासून त्यांच्यावर जीव टाकते. तिने उत्तर दिलं होतं, आणि तुम्ही तिला जातीयवादी ठरवलंत.

माजघर:
बहिणीला काहीही म्हटलेलं नाही, शब्द तोंडात घालू नका. पण तुमच्या लाडक्या वीराची सगळ्यात गाजलेली आख्यायिका तरी आठवा. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने लिहून ठेवली आहे. चित्रकाराला बाजीराव दिसले ते घोड्यावर, ज्वारीचं कणीस हातावर चोळून दाणे तोंडात टाकताना. त्या माणसाला हुरडा द्या, पुरणपोळी कसली? आणि वाड्याच्या पंगतीचंच म्हणाल, तर मस्तानीला त्या पंगतीत कुणी जागा दिली होती?

पेठकर:
हुरड्याचं बरोबर आहे. बाकी तुमचा सूर पटलेला नाही.

मैदानवाला:
बाळूंचं नाव निघालं हे उत्तम, पण अर्धीच गोष्ट सांगू नका. १९३२ ला ते राजा-मुंजे कराराच्या, म्हणजे दलितांना राखीव जागा पण हिंदूंसोबत एकत्र मतदारसंघ, या बाजूने होते, आंबेडकरांच्या विरोधात. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांसमोर उभं केलं आणि ते हरले. तुमच्या चहाच्या टेबलावर हा विषय काढणार आहात का? आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे. माझ्या वडिलांनी बाळूंचं नाव एकदाच घेतलं, आणि तेही चिडून.

माजघर:
काढणार, नक्की काढणार. बाबासाहेबांनाही तरुणपणी बाळूंचा अभिमान होता, हेही विसरू नका. ज्याला इतकी वर्षं कर्णधारपद नाकारलं, तो नंतर कुणाच्या बाजूला का उभा राहिला, हे मला त्याच्याच तोंडून ऐकायचं आहे. त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये हिंदू संघाचं कर्णधारपद मिळालं. बाळूंना कधीच नाही.

मैदानवाला:
विठ्ठलचं नाव घेतलंत, म्हणून पुढे वाद घालत नाही. पण वडील असते तर त्यांनी घातला असता.

रानमेवा:
मी शंभूराजांना बोलवीन आणि सांबार वाढीन! तंजावरला ते पाहुणे गेले होते, कोकम संपलं होतं, म्हणून तिथल्या शहाजीराजांच्या, म्हणजे त्यांच्या चुलतभावाच्या, मुदपाकखान्यात आमटीत चिंच घातली आणि पाहुण्यांच्या नावावरून ‘सांबार’ झालं. आपल्या राजाच्या नावाचा पदार्थ सगळा दक्षिण देश खातो.

तंजावूरकर:
दादा, आम्ही तंजावरचे मराठी. ही कहाणी आम्हीही लहानपणापासून ऐकतो आणि आवडीने सांगतो. पण ती तोंडी चालत आलेली आहे, त्या काळचा कागद कुणी दाखवलेला नाही. तंजावरचे शहाजी १६८४ ला गादीवर आले, शंभूराजांना १६८९ च्या मार्चमध्ये मारलं. त्या पाच वर्षांत औरंगजेब दख्खनेत उतरलेला, आणि राजे तंजावरला सांबार खायला गेले? आणि चिंचेचं कुळंबू, म्हणजे आंबट रस्सा, तमिळ घरात आधीपासून होतंच.

रानमेवा:
म्हणजे आपलं जे जे चांगलं, ते सगळं दुसऱ्याचं? तुमच्यासारख्या लोकांमुळेच आपली माणसं मागे पडतात. कोकणात जन्मलो मी. कोकम संपल्यावर बाईची काय तारांबळ होते ते मला माहीत आहे. आईने एका पावसाळ्यात आमसुलं संपली म्हणून चिंच घातली होती, वडील ताटावरून उठले होते. तशी वेळ आल्याशिवाय कुणी चिंच घालत नाही!

तंजावूरकर:
तुमच्या वडिलांवरून तंजावरचा इतिहास ठरत नाही. आणि ‘तुमच्यासारखे लोक’ म्हणजे कोण? तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहून घरात मराठी टिकवणारे आम्ही. माझी आजी डांगर पच्चडी करायची, उडदाचं पीठ दह्यात कालवून वर फोडणी. इकडे कारल्याचं ‘पिटलै’ करतात, त्याचं नाव आपल्या पिठल्यावरून आलं असं आमची मोठी माणसं सांगतात. खरा पुरावा हवा असेल तर बृहदीश्वराच्या देवळात चला. १८०३ साली भिंतीवर कोरलेला भोसल्यांचा मराठी इतिहास आहे. तो कोरवून घेणारे तंजावरचे राजे सरफोजी दुसरे. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, डोळ्यांच्या रोग्यांची चित्रं काढून नोंदी ठेवल्या, मुदपाकखान्याच्या कृती लिहवून घेतल्या. महाराष्ट्रात किती पोरांना हे नाव माहीत आहे? माझा क्रश तेच. सांबाराच्या कहाणीसाठी भांडता, आणि ज्याने खरंच लिहून ठेवलं त्याला ओळखतही नाही.

रानमेवा:
सरफोजींचं मला माहीत नव्हतं. सांबाराबद्दल मात्र मागे हटत नाही. कागद नाही म्हणून घडलंच नाही असं होत नाही.

स्वयंपाकी:
आमटी आणि सांबार यांत गूळ घालायचा की नाही, हे आधी ठरवा.

तंजावूरकर:
आमच्याकडे नाही. वडिलांच्या आतेकडे चिमूटभर घालत. त्यावरून आमच्याकडे लग्न मोडता मोडता राहिलं आहे, तो विषय काढू नका.

पेठकर:
माजघरताई, रात्री आईला फोन केला. तुमच्या कोनाड्यावरून विचारलं. आमच्या वाड्यातही होता, म्हणाली. कान तुटलेला, पिवळा. मोलकरणीसाठी. मी तो पाहिलेला आहे, पण आजवर मला वाटायचं की तो मोडका म्हणून बाहेर ठेवलाय. आई बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, तिचं नाव आठवत नाही.

बाजीराव माझ्या बहिणीचेच राहतील. पण तुमच्या चहाला मला बोलवा. खारी मी आणतो.