.२२ रायफलच्या गोळ्या घरी भरून मॅच (स्पर्धेचा) दर्जा मिळेल का?

प्रश्न (इंदूर): ५० मीटर प्रोन (पोटावर झोपून) मारतो. मॅच गोळ्या महाग पडतात. घरी भरलेल्या तेवढ्याच नेमक्या बसतील का?

उत्तर १: नाही दादा. .२२ रिमफायर आहे, पेटवणारा मसाला केसच्या (काडतुसाच्या पितळी कवचाच्या) कडेत असतो आणि पिन तीच कड चेपते. केस पुन्हा भरता येत नाही. शिवाय परवान्याशिवाय काडतूस बनवणं आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ च्या कलम ५ खाली गुन्हा आहे. पैसे लॉट (कारखान्यात एकत्र बनलेली, एकाच नंबरची खेप) तपासण्यात घाला.

उत्तर २: अगदी बरोबर. रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट बसवा, दर लॉटचे १० गोळ्यांचे किमान ४ गट (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांची भोकं) घ्या. पाचाचा गट हमखास फसवतो. लॉट बदलला की आधी १०-१५ गोळ्या सोडून द्या, नळीत जुन्या गोळीचं मेण असतं. गट बाहेरच्या कडांमध्ये मोजा, गोळीचा व्यास ५.६ मिमी वजा करा. दहाचं वर्तुळ १०.४ मिमी आहे, त्यावर ताडा. गट उभा पसरला तर बहुधा वेग कमीजास्त होतोय. आडवा पसरला तर आधी वारा आणि क्लॅम्प बघा.

उत्तर ३: अ‍ॅक्शनचे (रायफलच्या गोळी झाडणाऱ्या यंत्रणेचे) स्क्रू दर वेळी टॉर्क रेंचने सारखेच आवळा. जानेवारीतल्या सकाळचे आणि मे महिन्यातले गट एकमेकांशी ताडू नका, तापमान वेगळं असतं. आवडलेला लॉट हंगामभर पुरेल एवढा एकदमच घ्या, पुढच्या पेटीवर तोच नंबर सापडेलच असं नाही.